महादेव च्यारीचा घोडा

पडद्यावर घोडा आला आणि सुमंगलाच्या हातातली पेन्सिल थांबली.

नुसते डोके आणि मान. फणसाच्या लाकडाचे रंगवलेले तोंड, फुगलेल्या नाकपुड्या, किंचित उघडा जबडा, कपाळावर तांबड्या रंगाची अर्धवट उडालेली पट्टी. सभागृहातले दिवे मालवलेले होते, स्लाइड दाखवायच्या यंत्राची घरघर चालू होती आणि चारशे माणसे मान वर करून त्या तोंडाकडे पाहत होती. सुमंगलाने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. घोडा तोच होता.

बंगळूरला भरलेल्या संग्रहालयवाल्यांच्या वार्षिक परिषदेचा तो दुसरा दिवस होता. साल त्र्याण्णव, जानेवारी महिना. गोवा राज्य होऊन सहा वर्षे होत आली होती आणि पणजीच्या सरकारी संग्रहालयात सगळे काही नव्याने उभे करायची गडबड चालली होती. ‘आमच्या मनशांनी भायर वचूंक जाय, चार गजाली शिकून येवंक जाय’ असे म्हणत, आपली माणसे बाहेर जाऊन शिकलीच पाहिजेत या हट्टाने, मधुकर आंगले या अभिरक्षकांनी फायलीमागे फायली लिहून दोन जागा मंजूर करून घेतल्या. एक त्यांची. दुसरी सुमंगलाची, कारण जतन विभागात ती एकटीच होती. लाकडाला लागलेली कीड मारणे, सुटू पाहणारा रंग बारीक कुंचल्याने जागच्या जागी बसवणे, बुरशी पुसणे, हे काम ती एकोणीस वर्षे करत होती. सकाळची बस धरून मयेहून डिचोली, डिचोलीहून पणजी, आणि संध्याकाळी परत. गोव्याबाहेर ती याआधी एकदाच गेली होती, बेळगावला, मावसबहिणीच्या लग्नाला. आता तिच्या साडीवर टाचणीने लावलेले कार्ड होते, त्यावर तिचे नाव, आणि खाली ‘गोवा’.

व्यासपीठावर डॉ. नलिनाक्ष बसू बोलत होते. सत्तरीच्या घरातले, बारीक अंगाचे, स्वच्छ धोतरातले गृहस्थ. दुसऱ्या एका शहरातल्या मोठ्या संग्रहालयातून ते निवृत्त झाले होते, तरी लाकडी शिल्पांविषयी त्यांचाच शब्द शेवटचा मानला जाई. भाषण इंग्रजीत होते. सुमंगलाची इंग्रजी लेबलांवर शिकलेली. लाकूड, रंग, शतक, अज्ञात हे शब्द तिला कुठेही ओळखू येत. ते शब्द एकामागून एक आले. गोवा. अठरावे शतक. अज्ञात कारागीर.

मग बसूंनी डोळ्यांची स्लाइड लावली. आधी उजवा डोळा, पडदाभर, हिरवट काचेचा. मग डावा, निळसर.

“हे डोळे काचेचे आहेत,” बसू सावकाश म्हणाले, तिला प्रत्येक शब्द समजेल इतके सावकाश. “बहुधा पोर्तुगीज गलबतांतून व्हेनिसहून आलेली काच. आणि दोन्ही डोळ्यांचे रंग वेगळे. का? मी सोळा वर्षे या प्रश्नाशी झगडलो. उजवा डोळा सूर्य आहे, डावा चंद्र. त्या अनाम माणसाने एका घोड्याच्या तोंडात दिवस आणि रात्र बसवली.”

मग टाळ्या झाल्या. शेजारी बसलेले आंगलेसर मन लावून टाळ्या वाजवत होते. सुमंगलाचे हात मांडीवर पडून राहिले होते.

तिला आईचे हसू ऐकू येत होते.

सत्तावन्न साल असावे. सुमंगला सात वर्षांची. डिचोलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातली माणसे गोणपाटात काहीतरी गुंडाळून तिच्या बापाकडे, महादेव च्यारीकडे, आली होती. शिगम्याला, होळीच्या दिवसांत, त्या गावात घोडेमोडणी होई; कमरेला घोडा बांधून, हातात तलवार घेऊन गडी मांडावर, गावाच्या नाचाच्या जागेवर, नाचत. गोणपाटातला घोडा वाळवीने इतका पोखरला होता की महादेवने कानाला हात लावताच कान भुगा होऊन खाली पडला. जुन्याला पाहून नवा करायचा, आणि जुना नदीला द्यायचा, असे ठरले. महादेवने फणसाचा ओंडका निवडला. पंधरा-वीस दिवस घरात तासणीचा आवाज होता. पृष्ठभाग गुळगुळीत करायला खरवताची पाने लागत. ती खडबडीत पाने घोड्याच्या मानेवर घासण्याचे काम सुमंगलाकडे होते. बोटांची टोके लाल होऊन चुरचुरायची, तरी ती सोडायची नाही.

जुन्या घोड्याला डोळ्यांच्या जागी कवड्या होत्या, त्या कधीच गळून गेल्या होत्या. महादेवला काच हवी होती. डिचोलीच्या बाजारात सोडावाल्याकडे फुटक्या बाटल्यांचा ढीग असे. त्यातून तो दोन बाटल्यांच्या गोट्या घेऊन आला. घरी येऊन शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कळले, एक हिरवट, एक निळसर. तिची आई सत्यवती चुलीपुढून उठून बघायला आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“एक डोळो तापान भरला गो ह्या घोड्याचो!”

“मांडार नाचतलो तेन्ना डोळे कोण पळयता?” महादेव म्हणाला, पण ओशाळून. सारख्या रंगाच्या दोन गोट्यांसाठी तो आणखी एकदा बाजारात जाऊन आला होता. मिळाल्या नाहीत.

घोडा सोळा-सतरा शिगमे नाचला. मग शहरातला एक गृहस्थ जीप घेऊन आला, जुन्या वस्तू गोळा करणारा. गावाने त्याला घोडा दिला आणि वजनाला हलका असा कागदाच्या लगद्याचा नवा करून घेतला. महादेवला कुणी सांगितले नाही. त्या वर्षी तो शिगम्याला गेला, मांडाच्या कडेला उभा राहिला, घरी परत आला, आणि न बोलता जेवला. त्या घोड्याचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

चहाच्या वेळी अंगणात मांडव घातलेला होता. हातात कपबशा घेतलेल्या माणसांची ही गर्दी. सुमंगलाने आंगलेसरांना एका बाजूला घेतले आणि सगळे सांगितले. बशीत सांडलेला चहा ते कपात परत ओतत राहिले.

“खात्री आसा तुका?”

“सर, हांवें घांसला तो. ह्या हातांनी.”

“म्हणजे बसूंचें सगळें...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मांडवाच्या पलीकडे बसू दहा-बारा माणसांच्या घोळक्यात उभे होते. “सुमंगला, आयक. आमच्या नव्या प्रयोगशाळेचो कागद ज्या समितीकडे आसा, तिचे अध्यक्ष तेच. पण ती गजाल सोड. तुज्या बापायचो घोडो काचेच्या पेटयेंत उबो आसा. चारशें लोक ताका हात जोडटात. तूं सांगशीत तर कितें जातलें? अठरावें शतक वतलें, घोडो वतलो. जांव दी गो. नांव नासलें म्हणून कितें जालें, काम तर पळयतात मू?”

आंगलेसर वाईट माणूस नव्हते. एकोणीस वर्षांत त्यांनी तिला एकदाही शिपायासारखे वागवले नव्हते. आणि अठरावे शतक गेले की घोडाही जाईल, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हेच तिला जड जात होते.

दुपारी ती प्रदर्शनात गेली. परिषदेसाठी ठिकठिकाणच्या संग्रहालयांनी निवडक वस्तू पाठवल्या होत्या, आणि बसूंच्या संग्रहालयातून आलेल्या या घोड्याला मधली जागा मिळाली होती. पेटीत वरून दिवा सोडलेला. फोटोत दिसला नव्हता तो डाव्या कानाचा फुटका कोपरा इथे दिसत होता. मानेखाली, जिथे बापाची तासणी शेवटच्या दिवसांत घाईने फिरली होती, तिथले खरवडे तसेच होते. आपल्या हातात कुंचला असता तर कपाळावरचा रंग आपण कसा धरला असता, याचा विचार तिच्या मनात सवयीने येऊन गेला. मग तिला वाटले, बोलू नये. बापाने आयुष्यभर देव्हारे, पाट, दाराच्या चौकटी, खाटांचे खूर केले. त्यातले एकही कधी दिव्याखाली उभे राहिले नव्हते. हे एक राहिले आहे. राहू दे.

शेजारी एक बाई चार-पाच तरुण मुलींना समजावून सांगत होत्या, हिंदीत. “पाहा, कुठेही नाव नाही. त्या काळच्या कारागिरांना नाव नकोच असायचं. देवाचं काम केलं, बस.”

सुमंगला तिथून निघाली, जिन्यापर्यंत गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. नको असायचे म्हणे. विचारले होते कुणी? घरी बापाच्या प्रत्येक पटाशीच्या मुठीवर ‘म’ डागलेला होता. तापवलेल्या खिळ्याने, वेलांटी काढावी तसा ठसठशीत. जे आपले होते त्यावर महादेव च्यारी आपले अक्षर घालत असे. घोडा गावाचा होता, देवाचा होता, म्हणून त्यावर घातले नाही एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले सत्र सुरू व्हायच्या आधी ती प्रदर्शनाच्या दालनात जाऊन थांबली. बसू रोज सकाळी एकटे तिथे येतात असे कुणीतरी म्हटले होते. ते आले. पेटीपुढे उभे राहिले. तिने जवळ जाऊन नमस्कार केला, आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, “सर, हा घोडा माझ्या वडिलांनी केलेला आहे.”

बसूंनी आधी तिच्या कार्डाकडे पाहिले, मग तिच्याकडे. ते रागावले नाहीत. असे सांगणारी माणसे त्यांना आयुष्यात पुष्कळ भेटली असावीत.

“यासारखा, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही सर. हाच. एकोणीसशे सत्तावन्न साली. डोळे सोड्याच्या बाटलीतल्या गोट्या आहेत.”

बसूंनी रखवालदाराला हाक मारून किल्ली मागवली. पेटी उघडली. खिशातून भिंग काढून ते घोड्याच्या उजव्या डोळ्यावर वाकले, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. त्यांचा श्वास काचेवर बसत होता, तो ते रुमालाने पुसत होते. बाहेर सत्राची घंटा झाली. ते उठले नाहीत.

“इथे शिवण आहे,” ते अखेर म्हणाले. “साच्याची शिवण. गोटीच्या पोटाला. मी ती पाहिली होती. मला वाटलं, ओरखडा आहे.” भिंग मिटून त्यांनी खिशात ठेवले. “वडील आहेत?”

“आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दिसत नाही आता त्यांना, नुसता उजेड कळतो.”

“त्यांनी कधी सूर्य, चंद्र असं काही...”

“नाही सर. एका रंगाच्या दोन मिळाल्या नाहीत.”

बसूंच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. ते हसणेही असेल. “काल सभेत का नाही उठलात?”

“तुम्ही बोलत होतात,” सुमंगला म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. पेटी बंद करताना घोड्याच्या मानेवर त्यांचा तळहात क्षणभर तसाच राहिला. “लाकूड फार गुळगुळीत आहे,” ते म्हणाले. “हे तरी मी बरोबर लिहिलं होतं.” ते काम कुणाचे, हे सांगावेसे तिला वाटले, पण तिने सांगितले नाही.

समारोपाच्या सत्रात बसू आपणहून उठले. आपले कालचे प्रतिपादन चुकीचे होते, असे त्यांनी चार वाक्यांत सांगितले. वस्तू विसाव्या शतकातली आहे, कर्ता महादेव च्यारी, मये गाव, गोवा. माहिती त्यांच्या कन्येकडून मिळाली, त्या इथे उपस्थित आहेत. माना वळल्या. थोड्या टाळ्या झाल्या, कुणाला वाजवाव्यात की नाहीत ते कळेना. बसू खाली उतरताना एका पायरीवर चुकले आणि कुणीतरी त्यांना हात दिला. त्या संध्याकाळी सामान आवरण्यापूर्वी ती दालनात डोकावली. दिवा तसाच जळत होता; पेटीपुढे मात्र कुणी नव्हते. माणसे पलीकडच्या कांस्यमूर्तींपाशी होती.

मयेला ती दुपारी पोचली. म्हापशापर्यंत आंगलेसर बरोबर होते. उतरताना “संबाळून वच” एवढेच म्हणाले. घरी भावजय गौरवी विहिरीवर गेली होती आणि महादेव सोप्यावर भिंतीला टेकून करवंटीची डाव तासत बसला होता, बोटांनी चाचपत. दिसेनासे झाल्यापासून तो एवढेच करी.

“आयलें गो बाये?”

“आयलें.” पिशवी खाली ठेवून ती त्याच्या पायांशी बसली. “आबा, तुजो घोडो मेळ्ळो.”

तासणे थांबले. “खंयचो घोडो?”

“शिगम्याचो. जीपीन व्हेल्लो तो. बंगळूरां आयिल्लो. हांवें लागींसून पळयलो.”

महादेवने विचारले ते एखादा सुतारच विचारील. “वाळवी लागूंक ना मू?”

“ना.”

“कान?”

“दावो मातसो फुटला.”

“तो आदींच फुटिल्लो. पयल्याच वर्सा नाचतना पडलो.” त्याने डाव पुन्हा हातात घेतली. “बरो सांबाळ्ळा म्हणजे.” आणि थोड्या वेळाने, “कोणें केलो म्हूण कोण विचारी?”

“विचारलें,” सुमंगला म्हणाली. “सांगलें हांवें.”

पत्र एप्रिलमध्ये आले, बसूंचे, कार्यालयाच्या पत्त्यावर. आंगलेसरांनी ते आधी स्वतः वाचले आणि मग तिच्यापुढे ठेवले. “हांवें सांगिल्लें तुका,” ते म्हणाले, पण आवाजात टोचणी नव्हती, थकवा होता. प्रयोगशाळेचा कागद अजून आला नव्हता. तो पुढची दोन वर्षे आला नाही. त्याचा याच्याशी काही संबंध होता की नव्हता, हे कुणालाच कधी कळले नाही.

संध्याकाळी सोप्यावर उजेड होता तोवर तिने पत्र बापापुढे उघडले. वाटेत, बसमध्ये, तिने ठरवले होते की अर्धेच सांगायचे. नाव लिहिले गेले तेवढे. पण महादेव डोके एका अंगाला कलते करून, ऐकायला तयार होऊन बसला होता, आणि तिला ते जमले नाही. तिने ओळीमागून ओळ आपल्या भाषेत सांगत नेली. संग्रहालयाच्या समितीची बैठक झाली. त्या दालनात शंभर वर्षांपेक्षा जुन्याच वस्तू ठेवायचा नियम आहे. म्हणून घोडा दालनातून काढून भांडारात ठेवला आहे. माझ्या पुस्तकातले या घोड्यावरचे प्रकरण मी काढून टाकले. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. हे तुमच्यामुळे झाले असे त्यांना वाटू नये, ते माझ्यामुळेच झाले.

“ना आबा,” आपण बोललो याचा दोष स्वतःकडे घेत ती म्हणाली. “म्हज्यामुळें जालें. हांव उलोवंक ना जाल्यार तो थंयच आसतलो. दिव्या पोंदा.”

अंगणापलीकडच्या माडावरून कुणीतरी सुकी झावळी खाली टाकली, तिचा आवाज झाला.

“भांडार म्हणजे कितें? कूड?” महादेवने हवेत हाताने खोलीच्या भिंती दाखवत विचारले.

“व्हय. बंद कूड. सुकी. काळोख.”

“मग बरें जालें गो. सदांच उजवाड लागलो म्हणजे रंग उडटा. काळखांत चड तिगतलो.” काळोखात घोडा जास्त टिकेल, हे तो तिची समजूत घालायला म्हणतोय की खरेच, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. “आनीक कितें बरयलां?”

“आनीक, थंयच्या वहींत अज्ञात म्हूण बरयिल्लें, तें खोडून तुजें नांव घातलां. महादेव च्यारी, मये.”

“पत्रांत आसा? नांव?”

“आसा. टाइप केलां.”

त्याने हात पुढे केला. तिने कागद त्याच्या हातात दिला, आणि तो कागद असा उलटापालटा करू लागला तेव्हा तिला उमगले त्याला काय हवे आहे. तिने त्याचे बोट धरून पत्राच्या मागच्या बाजूने, टंकयंत्राच्या अक्षरांचे उंचवटे आले होते तिथे, बरोबर त्या ओळीवर नेऊन ठेवले.

“हांगा?”

“हांगा.”

महादेवचे जाड, चिरा पडलेले बोट त्या ओळीवरून एकदा गेले. मग परत सुरुवातीला आले, आणि पुन्हा गेले, हळूहळू, एकेका अक्षरावर थांबत.

“बरें खोल मारलां,” तो म्हणाला.